चारात एक

शर्वाणी बिर्जे खुर्चीत कमी आणि खुर्चीभोवती जास्त असायची. कातळबंदरच्या पुरवठा केंद्रात ती एका विभागाची प्रमुख म्हणून रुजू झाली त्याला दोन वर्षं झाली होती, आणि नियंत्रणकक्षाची फरशी बाईंच्या येरझाऱ्यांनी झिजली असं तिथले लोक तिच्या तोंडावर म्हणत. त्या एप्रिलमध्ये तर विचारूच नका. समोरच्या भिंतीवर अकरा चौकटींचा पडदा होता, एकेका विभागाची एकेक चौकट. नवी संगणकप्रणाली ज्याला मान्य त्याने सही करायची, म्हणजे त्याची चौकट हिरवी व्हायची. दोन महिन्यांत एकच हिरवी झाली होती आणि ती शर्वाणीची स्वतःची होती.

कातळबंदरपासून समुद्रात तीस किलोमीटर आत, सत्तर मीटर पाण्याखाली तळवसाहत होती. दोनशे बारा माणसं तिथे राहून समुद्रतळावरची काळी वाळू उपसत. टायटॅनियम निघतं त्या वाळूतून. बाहेरच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाच्या हवेत ही माणसं राहत, त्यामुळे कोणाला वाटलं म्हणून उठून वर येता येत नसे. दाबकक्षात बसून चार दिवस दाब हळूहळू उतरवावा लागे आणि त्या कक्षात एका वेळी बाराच माणसं मावत. खाली काही झालं तर ‘या वर’ म्हणण्यात अर्थ नव्हता.

वरून कुपीतून, म्हणजे दाब झेलणाऱ्या बंद पेटीतून, सगळं खाली जाई: तांदूळ, डाळ, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे शोषकचुना. माणूस श्वास सोडतो त्यातला कर्बवायू हा चुना गिळतो. रोज सकाळी सहाला चुन्याचे छत्तीस डबे हवाशुद्धीच्या यंत्रात भरायचे. डबे संपले की प्राणवायू कितीही असला तरी माणूस आधी गुंगतो, मग कोसळतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की कुपी सोडता येत नसे, आणि मग खाली जे असेल त्यावर भागवायचं.

मागच्या ऑगस्टात समुद्र नऊ दिवस बंद राहिला आणि आठव्या दिवशी चुना संपत आला. सहा माणसं बेशुद्ध पडली. त्यातली एक वसाहतीची डॉक्टर होती, ऋजुता, शर्वाणीची धाकटी बहीण. दहाव्या दिवशी कुपी पोचली म्हणून सगळी वाचली. नंतर शर्वाणीने केंद्राची झडती घेतली तेव्हा गोदामात दोरखंडांच्या मागे साठ डबे निघाले, वाहतूक विभागात बाकाखाली पंचवीस, नौकाघरात चाळीस. प्रत्येक विभागाने अडीनडीला म्हणून आपापलं बाजूला ठेवलं होतं. कोकणातल्या घराघरात आगोटीची, म्हणजे पावसाळा लागण्याआधीची बेगमी करतात, चार महिन्यांची सुकी मासळी, मिरच्या, लाकूडफाटा, तशीच ही. फक्त कोणाची बेगमी कोणाला ठाऊक नव्हती, आणि बहीण खाली गुदमरत असताना डबे वर बाकाखाली पडून होते. शर्वाणी त्या दिवशी भयंकर चिडली. आठवड्याभरात ती पुण्याला गेली आणि फेब्रुवारीपर्यंत ‘ताळमेळ’ ही संगणकप्रणाली बनवून घेऊन आली.

ताळमेळ बनवणारे डॉ. लोखंडे हे गणिती. एप्रिलच्या बैठकीला ते स्वतः आले होते. विभागप्रमुख पोटावर हात बांधून बसले होते, लग्नात रुसलेल्या मामासारखे. लोखंड्यांनी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं.

“समजा, भिंतीवर अकरा घड्याळं आहेत. खरी वेळ कोणालाच माहीत नाही. दहा घड्याळं म्हणतात चार वाजले, एक म्हणतं साडेचार. चुकीचं कुठलं?”

कोणीतरी पुटपुटलं, साडेचारचं.

“ताळमेळ एवढंच करतं. ते गोदामात येऊन डबे मोजत नाही. कारखाना म्हणतो इतके बनवले, गोदाम म्हणतं इतके आले, वाहतूक म्हणते इतके नेले, खालचे म्हणतात इतके उतरले. हे सगळं एकमेकांशी पडताळलं की खोटा आकडा तासाभरात उघडा पडतो. एकदोन डब्यांचा फरक सोडून देतो आम्ही. माणूस मोजतो तिथे तेवढं चुकतंच.”

गोदामप्रमुख हसनचाचा फणसोपकर कोपऱ्यात बसले होते. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अर्धं आयुष्य शिडाच्या मचव्यावर काढलेला. त्यांनी विचारलं, “आणि दहाही घड्याळं मागं असली तर?”

लोखंडे हसले. “दहा माणसांना एकाच मापाचं खोटं बोलायचं तर आधी त्यांचं एकमत व्हायला हवं, चाचा. तुमच्याकडे चहा कुठल्या टपरीवरून आणायचा यावर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.” सगळे हसले. शर्वाणीही हसली, आणि पुढे ते हसणं तिला फार लागलं.

सह्या मात्र होईनात. नाही असं कोणी म्हणत नव्हतं. वाहतूकवाले म्हणायचे, आधी कारखान्याची घ्या. कारखान्यात गेलं की चहा यायचा, वर खारी यायची, आणि बघू की मॅडम, कुठे पळून चाललोय आम्ही, असं म्हणून तिला परत पाठवायचे. प्रत्येकाला एकच भीती होती: मी खरं सांगितलं आणि बाकीच्यांनी चोरून ठेवलं तर मी तोंडघशी पडणार. शर्वाणीने मग केंद्राचे संचालक सुर्वेसाहेब यांच्याकडून एक नियम मंजूर करून आणला. ज्या विभागाचा आकडा ताळमेळ खोटा ठरवील, त्या विभागाच्या प्रमुखाने त्याच संध्याकाळी खुर्ची सोडायची. अपवाद नाही. मग तो कोणी का असेना.

नियम लागल्यावर हसनचाचा एकदाच तिच्याकडे आले होते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ताळमेळमध्ये बेगमीला जागा ठेवा. शर्वाणीने त्यांना समजावलं होतं. सतरा वर्षांच्या नोंदींत समुद्र सर्वांत जास्त म्हणजे अकरा दिवस बंद राहिलाय. म्हणून खाली अकरा दिवसांचे डबे असतील, अकरा छत्तीस तीनशे शहाण्णव. त्याहून जास्त दिसले की प्रणाली पुढच्या कुपीतून तेवढे कापते आणि त्या जागेत यंत्रांचे भाग जातात, कारण कुपीत जागा मोजकी.

“मी चौदा दिवस बघितलेत,” चाचा म्हणाले होते. “मी आठ वर्षांचा होतो. बापाचा मचवा खाडीत चौदा दिवस बांधून होता.”

“ते नोंदीत नाही, चाचा.”

“नोंद करायला तेव्हा कोण बसलं होतं?” असं म्हणून ते गेले. शर्वाणीने तो विषय डोक्यातून काढला. तिला सह्या हव्या होत्या.

आणि सह्या झाल्या. अकरा मेला दुपारच्या जेवणानंतर गोदामाची चौकट हिरवी झाली, पाठोपाठ वाहतुकीची, मग कारखान्याची. साडेचारपर्यंत दहाच्या दहा हिरव्या. शर्वाणीचा विश्वास बसेना. दोन महिने डोकं आपटून झालं नाही ते दोन तासांत कसं झालं? पण पिकलेलं फळ हातात पडलं की झाडाला कोण विचारतं? तिने सगळ्यांना बटाटेवडे खिलवले. सुर्वेसाहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि नियमाने काम केलं म्हणाले.

वीस मेला ताळमेळ सुरू झालं. प्रत्येक विभागाने चुन्याचा आपला आकडा भरला. शर्वाणीकडे तळसंपर्क विभाग होता, म्हणजे खाली प्रत्यक्षात किती डबे आहेत ते सांगणं तिचं काम. ऋजुताने सकाळीच मोजून कळवलं होतं, तीनशे शहाण्णव. शर्वाणीने तो आकडा भरायला घेतला आणि हात थांबला. मागचा ऑगस्ट ती विसरली नव्हती. खालच्या फळ्यांना वजनकाटे होते, त्यांचा आकडा वर मागवता येत असे. तिने तो मागवला. काटा म्हणाला पाचशे अठ्ठावीस. ऋजूने घाईत एक अख्खी फळी सोडलेली दिसते, असं म्हणून तिने बहिणीचा आकडा पुसला आणि काट्याचा भरला.

तासाभराने पडद्यावर दहा चौकटी हिरव्याच राहिल्या आणि अकरावी पिवळी झाली. खाली ओळ आली: विभाग अकराने एकशे बत्तीस डबे जास्त दाखवले आहेत. हे डबे कोणी बनवले नाहीत, साठवले नाहीत, नेले नाहीत. विभाग अकराचा आकडा असत्य.

शर्वाणी पडद्यासमोर उभी राहिली. नाहीत ते डबे आहेत म्हणून दाखवणं हा या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा, आणि तो तिच्या नावावर लागला होता, तिनेच आणलेल्या प्रणालीने लावला होता. सुर्वेसाहेबांचा फोन आला. टंकताना काही चुकलं असेल, पाचच्या आत दुरुस्त करा, नाहीतर तुमचाच नियम मला तुम्हाला लावावा लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तिने आकडे पुन्हा पाहिले. पाचशे अठ्ठावीस आणि तीनशे शहाण्णव. प्रमाण चारास तीन. बरोब्बर चारात एक कमी, दहाही ठिकाणी.

ती तडक गोदामात गेली. हसनचाचा सुतळी गुंडाळत होते. त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

“सगळ्यांनी?” तिने विचारलं.

“सगळ्यांनी. आमची आई तांदूळ शिजवायला काढायची ना, तर चार मुठी काढून एक परत कणगीत टाकायची. तेच माप धरलं. कारखाना चार बनवतो, तीन सांगतो. आम्ही चार घेतो, तीन लिहितो. वाहतूक चार नेते, तीन दाखवते. खाली अकरा दिवसांचे लिहिलेत, आहेत साडेचौदांचे.”

“आणि ऋजुता?”

चाचांनी सुतळीची गाठ मारली. “डॉक्टरबाईंनी तर सगळ्यात आधी हो म्हटलं. मागच्या साली खाली पडली कोण होती? मागच्या साली आमचं चुकलं, बाय. प्रत्येकाने आपलं लपवलं आणि दुसऱ्याला सांगितलं नाही. या वेळी सगळ्यांना ठाऊक आहे किती आहेत नि कुठे आहेत. तुम्हाला हेच तर पाहिजे होतं, सगळ्यांचं एकमत.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

ते खरंच होतं, आणि म्हणूनच शर्वाणीला जास्त राग आला. तिने तिथूनच बहिणीला फोन लावून झापलं. ऋजुताने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, तू खरं सिद्ध कर. काटा तुझ्या बाजूने आहे. मग तुझी प्रणाली आमचे एकशे बत्तीस डबे पुढच्या कुपीतून कापेल. चालेल तुला?” शर्वाणीने फोन ठेवला.

ती किनाऱ्याच्या भिंतीवरून दोन फेऱ्या मारून आली. खरं सांगायचं तर दहा माणसांच्या खुर्च्या जाणार, प्रणाली बंद पडणार आणि बहिणीचे साडेतीन दिवस कापले जाणार. खोटं लिहायचं तर ज्या एका गोष्टीसाठी तिने वर्षभर लोकांशी वैर घेतलं तीच तिने स्वतः मोडायची. पाचला दहा मिनिटं असताना तिने पाचशे अठ्ठावीस पुसून तीनशे शहाण्णव लिहिलं. तिला स्वतःची लाज वाटली. पडदा हिरवागार झाला: सर्व विभाग सहमत.

दुसऱ्या दिवशी डॉ. लोखंड्यांचा फोन आला. ते बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलले. मग म्हणाले, “तुमचे आकडे पाहिले. अकरा विभाग, आणि एका डब्याचाही फरक नाही. प्रामाणिक माणसं इतकी जुळत नाहीत, शर्वाणी.” तिने दार लोटून घेतलं. लोखंडेच पुढे म्हणाले, “प्रणालीला यातलं काही कळणार नाही. तिला जुळल्याशी मतलब. पण दुसरा कोणी गणिती बघायला आला तर? एखादा डबा अधूनमधून इकडेतिकडे चुकू दे म्हणावं त्यांना.” आणि त्यांनी फोन ठेवला.

नऊ जुलैला समुद्र बंद झाला. आठ दिवस गेले, दहा गेले. अकराव्या दिवशी सकाळी ताळमेळच्या लेखी शेवटचे छत्तीस डबे यंत्रात गेले. शर्वाणीचं जेवण सुटलं होतं. खाली डबे आहेत हे तिला माहीत होतं, पण पडद्यावर मोठ्या अक्षरात शून्य दिसत असताना माहीत असण्याचा फारसा आधार वाटत नाही.

बाराव्या दिवशी सकाळी सहाला ऋजुताने नेहमीसारखे छत्तीस डबे भरले आणि वापर कळवला. आठला शर्वाणी कक्षात आली तेव्हा सुर्वेसाहेब आधीच तिथे होते, पांढरे पडलेले. पडद्यावर अकरावी चौकट पिवळी होती. साठा शून्य. शून्य साठ्यातून वापर होऊ शकत नाही. विभाग अकराचा वापराचा आकडा असत्य.

साहेब म्हणत होते की चुना संपला, दोनशे बारा माणसं, आता मी दिल्लीला काय सांगू. शर्वाणीने खालचा फोन लावून त्यांच्या हातात दिला. ऋजुताने सगळे ठीक असल्याचं सांगितलं, आणि डाळ संपत आल्याची तक्रार केली. साहेबांनी फोन ठेवला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. दोन्ही एकदम खरं कसं असेल ते त्यांना समजेना. शेवटी त्यांना मार्ग सुचला. वापराच्या रकान्यात तात्पुरतं शून्य टाका, ते म्हणाले, जुळून जाईल, नाहीतर संध्याकाळी तुमची खुर्ची जाईल.

शर्वाणीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“साहेब, मे महिन्यात मी डबे कमी लिहिले. डब्यांना काही वाटत नाही. पण दोनशे बारा माणसं आज श्वास घेत नाहीत, असं मी लिहिणार नाही. माझी बहीण आहे त्यात. खुर्ची घ्या तुमची.”

हसनचाचा दारात उभे होते. ते केव्हा आले कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि कोणालातरी एवढंच सांगितलं की आता घाला रे सगळ्यांनी, खालच्या डॉक्टरबाईंनापण सांग. मग ते भिंतीला टेकून उभे राहिले.

पाच मिनिटांत पडदा हलला. कारखान्याने आपला आकडा वाढवला, गोदामाने वाढवला, वाहतुकीने वाढवला. शर्वाणीच्या यंत्रावर खालून आलेला साठा दिसला आणि तिने तो होता तसा भरला. दहाही जणांनी एकाच मापाने, एकाच वेळी. एकशे बत्तीस डबे कुठून आले, दोन महिने कुठे होते, ताळमेळने एका शब्दाने विचारलं नाही. अकरावी चौकट हिरवी झाली. शिल्लक साठा: शहाण्णव. सर्व विभाग सहमत.

सुर्वेसाहेबांनी मोठा श्वास सोडला. “सापडले बघा,” ते म्हणाले. “यंत्राने बरोब्बर शोधले.” वेधशाळेने समुद्र आणखी दोनच दिवस खवळलेला राहील असं सांगितलं होतं, म्हणजे शहाण्णव पुरत होते. दारापर्यंत जाऊन ते वळले. “तुम्ही ते मे महिन्याचं काहीतरी म्हणत होता. राहू दे आता. जुळलं ना?” आणि ते चहाला गेले.

चाचाही निघाले. जाताना त्यांनी शर्वाणीला खुर्चीत बसायची खूण केली. तिची खुर्ची तिच्याकडेच राहिली होती, बहीण सुखरूप होती, अकराही चौकटी हिरव्या होत्या. तिला आनंद झाला आणि तरीही तिला बसवेना. ती पडद्यापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग तिने खालचा फोन लावला.

“ऋजू, ऊठ आणि डबे मोज. काटा नको, कागद नको. एकेक डब्याला हात लावून मोज.”

“आता? आकडा कुठे भरायचाय?”

“कुठेच नाही. मला माहीत हवं.”

ऋजुता कुरकुरत गेली. शर्वाणी फोन कानाला लावून फेऱ्या मारत राहिली. पलीकडून पत्र्याचे आवाज येत होते, एक, एक, एक. वीस मिनिटांनी ऋजुता परत आली. तिचा आवाज बदलला होता.

“ताई, त्र्याण्णव.”

“पुन्हा मोज.”

तिने पुन्हा मोजले. त्र्याण्णवच भरले, दोन दिवसांना पुरतील एवढे, पण तीन कमी. भिंतीवर अकरा चौकटी शहाण्णव म्हणत होत्या. शर्वाणीने टेबलावरचं पेन उचललं आणि तळहातावर लिहिलं, त्र्याण्णव.